३७९ रुपयांचा लटकता काटा : दोन महिने वापरून

आधीच सांगतो, हा काटा भाजी तोलायला बनवलेला नाही. विमानाला निघण्याआधी बॅग किती भरली ते बघायला लोक हा घेतात. मी विमानात शेवटचा बसलो २०१४ साली. मी हा भाजीसाठीच मागवला आणि मागवताना घरात कोणाला सांगितलं नाही.

एकतीस वर्षं एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मुलांना व्हर्नियर, स्क्रूगेज (बारीक मापं घ्यायची यंत्रं) काढून द्यायचे, संध्याकाळी मोजून परत घ्यायचे, कुठल्या यंत्राला किती झीरो एरर आहे, म्हणजे काही न मोजताच ते किती दाखवतं, ते वहीत लिहून ठेवायचं. निवृत्तीनंतर ती वही गेली, पण खोड गेली नाही. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात एखादा भाजीवाला तराजूवर वांगी टाकायला लागला की माझं लक्ष वांग्यांकडे नसतं. लोखंडी वजनाला एक भोक असतं, त्यात शिसं भरून त्यावर वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, ठसा मारलेला असतो. ते शिसं जागेवर आहे का, हे मी बघतो. लोखंडी वजनं दर दोन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावी लागतात, इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी. आमच्या हिला हे सगळं तोंडपाठ झालंय. मी वाकून बघायला लागलो की ती दहा पावलं पुढे जाऊन कोपिनेश्वराच्या देवळाच्या दिशेला तोंड करून उभी राहते.

आता वस्तूविषयी. काळ्या प्लास्टिकची मूठ, मधे आगपेटीएवढा पडदा, खाली पोलादी हूक. ५० किलोपर्यंत तोलतो, लीस्ट काउंट १० ग्रॅम, म्हणजे त्याहून बारीक फरक दाखवत नाही. कॅल्क्युलेटरमध्ये असतो तसला चपटा गोल सेल लागतो, तो सोबत येतो. काट्याचं स्वतःचं वजन ११० ग्रॅम. हे खोक्यावर लिहिलेलं नाही, मी वाण्याच्या काट्यावर ठेवून बघितलं. वाण्याने काही विचारलं नाही. तो मला वीस वर्षं ओळखतो.

घरी आल्याआल्या तपासणी केली. एक लिटर पाण्याची सीलबंद बाटली : १.०२. मिठाचा किलोचा पुडा : १.०१. साखरेची पाच किलोची पिशवी : ५.०२. बाटलीचं आणि पिशव्यांचं प्लास्टिक धरलं तर चोख. मात्र दोनशे ग्रॅमच्या खाली हा काटा भरवशाचा नाही. शंभर ग्रॅम आलं टांगलं तर एकदा ९० दाखवलं, एकदा १२०, एकदा काहीच नाही. आलं-मिरचीवाल्यांनी निर्धास्त राहावं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. दोन किलो कांदे घेतले, बाजूला होऊन पिशवी टांगली, तर पडद्यावर ४.४३. क्षणभर मला कांदेवाल्याबद्दल फार आदर वाटला. मग उजेड पडला की काटा कारखान्यातून पौंडात लावून आलाय. मागे बटण आहे, ते दाबलं की किलो येतं. पण सेल काढून घातला की पठ्ठ्या पुन्हा पौंडावर जातो. या एका गोष्टीसाठी मी अर्धा तारा कापतो.

सगळ्यात कामाचं बटण म्हणजे शून्य करायचं. माझी खादीची पिशवी १३० ग्रॅमची आहे. रिकामी पिशवी टांगायची, बटण दाबायचं, मग भाजी. हात थोडा हलला तर आकडा नाचतो. स्थिर झाला की बीप वाजून तिथेच थांबतो. ही बीप मोठी आहे. बाजारात चार माणसं वळून बघतात. आवाज बंद करायची सोय नाही, त्यावर चिकटपट्टी लावून बघितली, उपयोग झाला नाही. शेवटी मी देवळाच्या भिंतीकडे तोंड करून तोलायला लागलो, तर एक बाई चप्पल काढून माझ्या मागे उभ्या राहिल्या.

दोन महिन्यांत काय सापडलं? ज्या भाजीवाल्या मावशींवर माझा पंधरा वर्षं संशय होता (त्यांचं एक पारडं मला नेहमी किंचित खाली वाटायचं), त्यांच्याकडचा किलो एकदाही किलोच्या खाली भरला नाही. १.०३, १.०४, एकदा गवार १.०६. मी हे मोठ्या उत्साहाने घरी सांगितलं. ही म्हणाली, "मग साठ ग्रॅम गवार परत द्यायला गेला होतात का?" गेलो नव्हतो. कढीपत्ताही त्यांच्याकडून फुकटच घेतो. कढीपत्त्याचे पैसे मागणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही, ही माझी आणखी एक खोड.

खरी चाट बसत होती ती मिठाईत. एका दुकानातून, नाव सांगत नाही, अर्धा किलो काजूकतली घेतली. खोक्यासकट बरोबर ५००. घरी कतली ताटात काढून रिकामं खोकं टांगलं तर काट्याने दाद दिली नाही, म्हणून तसलीच पाच जुनी खोकी माळ्यावरून काढून एकत्र बांधली : ३००. म्हणजे एक खोकं साठ ग्रॅमचं. कतली ११०० रुपये किलो. सहासष्ट रुपयांचा पुठ्ठा आम्ही खाल्ला. वजन मालाचं धरायचं, खोक्याचं नाही, असा नियम आहे, आणि दुकानाच्या काट्यालाही शून्य करायचं बटण असतंच. आता मी काउंटरवर आधीच सांगतो, "रिकामं खोकं ठेवा, शून्य करा, मग भरा." मुलगा कपाळाला आठ्या घालतो, पण करतो. जुनी खोकी माळ्यावर का ठेवतो, हे आता घरात कोणी विचारत नाही.

हापूसमध्ये तर काट्याने मला वेगळाच धडा दिला. आंबा डझनावर, त्यामुळे इथे याचं काय काम असं वाटलं होतं. एका फळवाल्याकडे लहान फळाचा डझन ६०० आणि मोठ्याचा ९००. आम्ही वर्षानुवर्षं लहानच घेतो, स्वस्त पडतो म्हणून. दोन्ही डझन त्याच्याच टोपलीतून टांगून बघितले : लहान २.१० किलो, मोठा ३.३०. म्हणजे लहान पडला किलोला २८५ रुपयांच्या वर आणि मोठा २७३ च्या आत. फळवाला म्हणाला, "काका, हे गिऱ्हाइकांना सांगू नका." बाठ्याचा हिशेब अजून बाकी आहे. खाऊन झालेल्या बाठ्या धुऊन, वाळवून मोजायचा विचार होता, त्याला स्वयंपाकघरातून परवानगी मिळाली नाही.

कोथिंबिरीचंही सांगतो. पाणी मारलेली जुडी टांगली, २७०. नळाशी जाऊन चार वेळा झटकली, २४०. जुडीला वजनाचा भाव नसतो, त्यामुळे यातून कोणाचा तोटा नाही आणि फायदाही नाही. मला आकडा हवा होता, मिळाला.

इतक्यावरून मी एकटाच विक्षिप्त आहे असा समज नको. आमची ही भेंडीचं टोक मोडल्याशिवाय भेंडी घेत नाही, नारळ दोन्ही कानांशी हलवते, फळीवरचा पहिला पुडा कधी उचलत नाही, मागचा तिसरा घेते. आणि अजून 'पावशेर' मागते. शेर कायद्याने १९६२ साली संपला. जुना पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास होता. हिला भाजीवाला मुकाट २५० देतो. वीस ग्रॅमसाठी मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि ही नुसत्या जुन्या शब्दावर व्यवहार करून येते.

कोणी घ्यावा? ज्यांना भांडायचंय त्यांनी घेऊ नये. यावर सरकारी ठसा नाही, तुमचा आकडा दुकानदाराने मानलाच पाहिजे असं नाही. गॅस सिलिंडर मात्र सुरेख तोलता येतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं, त्यात घरगुती सिलिंडरचे १४.२ किलो मिळवायचे. दोन हातांनी उचलावा लागतो. साठीच्या पुढच्यांनी शेजारच्या मुलाला बोलवावं. साडेतीन तारे.

परवा रद्दीवाला आला. मी काटा घेऊन दाराशी तयारच होतो. त्याने पिशवीतून आपला काटा काढला : काळी मूठ, आगपेटीएवढा पडदा, हाच. दोघंही थोडा वेळ बघत राहिलो. मग मी त्याला म्हटलं, तुमचा माझ्या हुकाला अडकवा आणि त्याला गठ्ठा टांगा. दोघांनी मिळून उचललं. खालचा त्याचा : ९.४०. वरचा माझा : ९.५१. तो म्हणाला, "काका, तुमचा जास्त दाखवतो." मी म्हटलं, दाखवणारच, त्याला तुमचा काटाही उचलावा लागतोय, ११० ग्रॅम! आतून आवाज आला, "अहो, पैसे घ्या आणि दार लावा, मांजर आत येतंय."