सीलिअ‍ॅक असताना परदेशात फास्ट फूड: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कामानिमित्त गेले कित्येक महिने देशोदेशी फिरणं चालू आहे. मला सीलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार आहे, त्यामुळे गहू, जव, राय यांतलं ग्लुटेन हे प्रथिन कणभरही चालत नाही. विमानतळ, स्टेशन, हायवे, सगळीकडे हाताशी असतं ते फास्ट फूडच. एव्हाना माझं मत पक्कं झालंय: मेनूवर काय लिहिलंय यापेक्षा एका तेलात काय काय तळतात हे आधी विचारावं. नगेट्सच्या आवरणात गव्हाचं पीठ असतं, त्याचे कण तेलात उतरतात आणि कितीही तापवलं तरी ग्लुटेन नाहीसं होत नाही. नुसता बटाटा म्हणून घेतलेल्या फ्राइज त्याच तेलातल्या असतील तर काय उपयोग?

शिवाय पाटी तीच असली तरी पदार्थ तोच असेल असं नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये बीफ फ्लेवर असतो आणि त्यात गव्हापासून केलेला घटक असतो (शाकाहारी मंडळींनीही हे लक्षात ठेवा). ब्रिटनमध्ये त्याच कंपनीच्या फ्राइजमध्ये बटाटा, तेल, मीठ आणि थोडं डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर), बस्स. तिथे मी निर्धास्तपणे खाते.

सगळ्यात समाधान इटली आणि स्पेनमध्ये मिळालं. इटलीत मॅकडोनाल्ड्सचा ग्लुटेन-फ्री बर्गर बंद पाकिटातच गरम होऊन येतो. पाकीट आपण टेबलावर फोडायचं, मध्ये कुणाचा हात नाही. बन जरा कोरडा लागतो, पॅटीही बेताचीच, पण निवांत बसून बर्गर खाता येणं ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. स्पेनमध्ये बन जास्त मऊ आणि निवडही जास्त. युरोपियन युनियनच्या नियमानुसार डिसेंबर 2014 पासून सुट्या पदार्थांचीही 14 अ‍ॅलर्जी-घटकांची माहिती द्यावी लागते, त्यामुळे विचारल्यावर काउंटरवर कुणी गोंधळत नाही, तक्ता पुढे करतात.

अमेरिकेत पाकीटबंद मालावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा आहे, पण रेस्टॉरंटांना देशभर लागू होईल अशी तशी सक्ती नाही. त्यामुळे सगळं कुठल्या कंपनीचं दुकान आहे आणि त्या दिवशी काउंटरमागे कोण आहे यावर. फाइव्ह गाइजमध्ये बनऐवजी लेट्यूसच्या पानात गुंडाळलेला बर्गर मिळतो. चिपोटलेत गव्हाची पोळी (टॉर्टिया) टाळून वाडग्यातलं जेवण (बोल) घ्यायचं आणि ग्लोव्ह्ज बदलायला सांगायचं. हे सांगताना अजिबात संकोच करू नका. एका दुसऱ्याच दुकानात माझ्यासमोर तयार बर्गरचा बन काढून तीच पॅटी लेट्यूसमध्ये गुंडाळून दिली. मी नवा मागितला, तर ‘एवढ्याने काही होत नाही’ असं उत्तर मिळालं. होतं! आतड्याला सूज येते, आणि ती एका दिवसात उतरत नाही. तिथून मी उपाशी निघाले आणि त्याचा राग अजून आहे.

डॉमिनोजचा अमेरिकेतला ग्लुटेन-फ्री पिझ्झा बेस सीलिअ‍ॅक असलेल्यांसाठी नाही असं कंपनीच सांगते. प्रामाणिक आहे, पण आपल्या कामाचा नाही.

अर्जेंटिनात ‘सिन टीएसीसी’चं (म्हणजे गहू, ओट्स, जव, राय नसलेलं) चिन्ह शोधायचं. सीलिअ‍ॅकसाठी तिथे 2009 पासून स्वतंत्र कायदा आहे आणि नंतरच्या दुरुस्तीने फास्ट फूडवाल्यांनाही निदान एक तरी पर्याय ठेवणं भाग पडलं. हे प्रत्येक देशात व्हायला हवं.

सर्वांत अवघड गेलं ते जपान. लोक कमालीचे मदत करणारे, घटकांचे तक्तेही व्यवस्थित, पण नेहमीच्या सोया सॉसमध्येच गहू असतो आणि तो सॉस सगळीकडे. बनऐवजी भाताच्या वड्या लावलेला बर्गर पाहून खूप आनंद झाला होता, पण तक्ता उघडला तर त्यातही गहू. तिथल्या अ‍ॅलर्जी-घटकांच्या सक्तीच्या यादीत गहू आहे, जव नाही, त्यामुळे नुसतं ‘गहू नाही’ वाचून भागत नाही. तिथे मी फास्ट फूडचा नाद सोडला आणि फळं, उकडलेली अंडी, साधा भात यांवर दिवस काढले.