वायरमनच्या मोबाइलवरचं फिजिक्स: फेट सिम्युलेशन, सात महिन्यांनंतर

मी वायरमन. आयटीआय होऊन 12 वर्षं झाली. विहिरीवरची मोटार चालू केली की घरातला बल्ब क्षणभर मंद होतो, हे किती वस्त्यांवर पाहिलं असेल! मालकानं कारण विचारलं की मी सांगायचो, "लोड येतो, दादा." ते उत्तर माझं मलाच पटायचं नाही.

म्हणून सात महिने झाले, रात्री जेवणं उरकली की मोबाइलवर फिजिक्स शिकतोय. हात बसला तो फेटवर (PhET), म्हणजे स्क्रीनवर प्रयोग (सिम्युलेशन) करून बघता येणाऱ्या वेबसाइटवर. नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. सगळं फुकट, लॉगिनची कटकट नाही, आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत.

त्यातल्या सर्किट जोडायच्या सिम्युलेशनमध्ये मी वस्तीच उभी केली. 9 व्होल्टची बॅटरी म्हणजे पोल, 1 ओहमचा रेझिस्टर (करंटला अडवणारा भाग) म्हणजे पोलपासून घरापर्यंतची लांबलचक सर्व्हिस वायर, पुढे 10 ओहमचा बल्ब. बल्बवर 8.2 व्होल्ट. मोटार त्यात मिळत नाही, म्हणून 2 ओहमचा रेझिस्टर मोटार समजून बल्बला पॅरलल जोडला. व्होल्टेज थेट 5.6! बल्ब डोळ्यांदेखत उतरला. करंट वाढला तसं वायरीतच जास्त व्होल्टेज खर्च झालं. 'विभवांतर', म्हणजे दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक, हा शाळेतला शब्द त्या रात्री खरा कळला.

वाचायला जॉर्जिया स्टेट विद्यापीठाची हायपरफिजिक्स ही वेबसाइट चांगली आहे. ती इंग्रजीत आहे, पण टिपणं छोटी असल्यानं अडत अडत जमतं.

विचारायला माणसं मात्र लागतातच. एका इंग्रजी ग्रुपवर माझा पहिला प्रश्न पाच मिनिटांत बंद केला. फार लागलं मनाला. मग आकृती काढली, मीटरचे आकडे टाकले, माझा अंदाज लिहिला, आणि तिघांनी मनापासून समजावलं. मोटार सुरुवातीला 5-6 पट करंट ओढते हे मला पाठ होतं. फिरू लागल्याशिवाय तिच्यात पुरेसं विरोधी व्होल्टेज तयार होत नाही, हे तिथे समजलं.

तक्रार एकच: स्क्रीनवर तार गरम लागत नाही, सैल जोड करपत नाही. नवशिक्यानं मीटर हातात धरायलाच हवा.

मागच्या आठवड्यात एका काकांना अडीचऐवजी सहा स्क्वेअर मिलिमीटरची, म्हणजे जाड वायर ओढायला सांगितली. खर्च ऐकून कुरकुरले. जाड वायर करंटला कमी अडवते, म्हणून तिथेच मोबाइल काढून 1 ओहमचा रेझिस्टर 0.4 वर आणला. बल्ब उजळलेला पाहून म्हणाले, "ओढ मग."