फुकटची गाणी सोडून पैसे भरायला लागले, त्याचा अनुभव

दिवाळीत गाण्यांच्या अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन घेतलं, आता पावसाळा तोंडावर आलाय. एवढ्या महिन्यांत मत पक्कं झालंय, म्हणून सविस्तर लिहितेय. मी पैसे भरत राहणार आहे, पण जाहिराती बंद होतात म्हणून नव्हे. त्या शांततेची दोन दिवसांत सवय होते आणि मग तिचं काही वाटेनासं होतं. मला फरक पडला तो आवाजात आणि नावांत.

आधी आवाज. सोलापुरात आमच्या पिढीकडे गाणी आली ती मोबाइलच्या दुकानांतून. नवी पेठेत मेमरी कार्ड द्यायचं, दुकानदार ‘मराठी भक्ती’, ‘जुनी हिंदी’, ‘तेलुगू हिट’ असे फोल्डरच्या फोल्डर भरून द्यायचा. पुढे नेट स्वस्त झालं आणि आम्ही घरबसल्या साइटवरून उतरवायला लागलो. फाइलच्या नावात ३२० (सेकंदाला किती डेटा त्याचा आकडा, केबीपीएसमध्ये) लिहिलेलं असलं की चांगली, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

अ‍ॅपवर तेच अभंग ऐकल्यावर शंका आली, म्हणून जुन्या फाइली तपासल्या. स्पेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाकली की आवाज कुठल्या वारंवारतेपर्यंत (किती उंच पट्टीपर्यंत) पोचतो ते रंगांत दिसतं. खऱ्या ३२० केबीपीएसच्या फाइलमध्ये रंग साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत चढतात. माझ्याकडच्या भीमसेन जोशींच्या अभंगांच्या बऱ्याच फाइली १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारख्या सरळ तुटलेल्या निघाल्या. म्हणजे कुणीतरी १२८ ची फाइल घेऊन तिची ३२० करून चढवली होती. फाइल अडीचपट मोठी, आवाज तोच, उलट दुसऱ्यांदा दाबल्यामुळे आणखी थोडा बिघडलेला. जुन्या ध्वनिमुद्रणात वरच्या पट्टीचा आवाज मुळातच कमी असतो हे मान्य, पण तो हळूहळू विरत जातो, असा रेषेवर तुटत नाही. कानाला हे कळतं टाळांत. बिघडलेल्या फाइलमध्ये टाळांची किणकिण जाऊन नुसती चरचर उरते. अ‍ॅपवर टाळ सुटा ऐकू येतो, पखवाजाची थाप वेगळी कळते, आणि पंडितजींनी तान संपवून घेतलेला श्वाससुद्धा.

मात्र हे आपोआप मिळत नाही. सुरुवातीला आवाजाची पातळी ‘ऑटो’वर असते आणि रेंज कमी झाली की तीही उतरते. सेटिंगमध्ये जाऊन ऐकण्याची आणि डाउनलोडची, दोन्ही पातळ्या सगळ्यात वरती करा. ३२० ला मिनिटाला साधारण २.४ एमबी जातात, म्हणजे तासाला दीडशेच्या आत. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर काळजी नाही.

आता नावं. माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे. फुकट उतरवलेली फाइल उघडून बघा. अल्बमच्या जागी साइटचा पत्ता, गायकाच्या जागी पुन्हा साइटचा पत्ता, मुखपृष्ठाच्या जागी तिचीच जाहिरात. गीतकार, संगीतकार कुठेच नाहीत. वर्षानुवर्षं मी अशी भावगीतं ऐकली की ज्यांची चाल कुणाची हे मला माहीत नव्हतं. पैसे वाचतात ते ठीक, पण ज्यांनी ते गाणं केलं त्यांचं नावच पुसलं जातं, हे मला फार लागलं. अ‍ॅपवर गाण्याची माहिती उघडून संगीतकार सापडला की त्याची बाकीची गाणी ऐकत जायचं, असे माझे कित्येक रविवार गेले.

तरी मराठीची आबाळ इथेही आहेच. गीतकाराचं नाव बऱ्याच ठिकाणी गाळलेलं असतं. संतांच्या रचनेला कुठे तुकाराम महाराजांचं नाव, कुठे नुसतंच ‘पारंपरिक’. शोधताना तर फारच वैताग. देवनागरीत ‘विठ्ठल’ लिहिलं तर एक यादी येते, इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर दुसरी, आणि त्यातही एक ‘टी’ की दोन, यावर गाणी बदलतात. पैसे घेणाऱ्यांनी एवढं तरी नीट करायला हवं.

माझा धाकटा भाऊ म्हणतो, “ताई, कशाला पैसे घालवायलीस गं? टेलिग्रामवर सगळं पडलंय की.” त्याचा दुसरा प्रश्न जास्त बरोबर आहे: “तुझे पैसे त्या गायकाला तरी पोचतात का?” पोचतात, पण थेट नाही. स्पॉटिफायसारख्या सेवांमध्ये सगळ्यांचे पैसे एका ढिगात जमा होतात. त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग गाण्याचे हक्क असलेल्या कंपन्या-कलाकारांना जातो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याला मिळतो. मी महिनाभर नुसते अभंग ऐकले तरी माझे पैसे अभंगांनाच जातील असं नाही. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केलाय की मागच्या १२ महिन्यांत एखादं गाणं १००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याला त्या ढिगातलं काहीच मिळत नाही. आमच्याकडच्या एखाद्या शाहिराच्या पोवाड्याला हा आकडा गाठणं सोपं नाही. हा नियम मला पटत नाही.

तरीही फुकटपेक्षा हे बरं, कारण आपल्याकडे कायदा निदान कलाकाराच्या बाजूने उभा आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या गाण्याचा गीतकार-संगीतकार आपला रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून देऊ शकत नाही. आणि अभंग तर सगळ्यांचे, मग त्याला पैसे कसले, असं म्हणणाऱ्यांसाठी: तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण संगीतकार श्रीनिवास खळ्यांनी लावलेली चाल खळ्यांची आहे. खळे २०११ मध्ये गेले, मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. टेलिग्रामवरच्या फाइलमधून खळ्यांच्या घरात एक पैसाही जात नाही.

घरात सगळ्यात जास्त उपयोग आईने केला. आम्ही घरी कानडी बोलतो. आईला वचनं (कानडी शरणांच्या छोट्या भक्तिरचना) ऐकायची असतात आणि सिद्धरामेश्वरांची वचनं तर आमच्या सोलापूरचीच. पूर्वी कानडी कॅसेट मिळवायची म्हणजे कुणी विजापूर-कलबुर्गीला निघालं की सांगून ठेवावं लागायचं. आता ती फोनला बोलून मागते आणि ऐकते. एवढ्यासाठी सुद्धा मी पैसे भरले असते.

पण याला आपला संग्रह समजू नका. कंपन्यांचे करार फिसकटले की गाणी रातोरात गायब होतात. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून अशीच उतरली होती. एअरटेलचं विंक हे गाण्यांचं अ‍ॅप तर २०२४ मध्ये बंदच झालं. डाउनलोड केलेली गाणीसुद्धा अ‍ॅपच्या आतच राहतात. स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा तरी नेटवर यावं लागतं, नाहीतर ती वाजत नाहीत. मी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाते तेव्हा कुर्डुवाडीच्या पुढे रेंजचा भरवसा नसतो, म्हणून आदल्या रात्रीच अ‍ॅप उघडून गाणी वाजताहेत ना ते बघते.

त्यामुळे घरातल्या विकत घेतलेल्या सीडी आणि कॅसेट मी जपून ठेवल्यात. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रणही हार्ड डिस्कवर आहे, कारण ते कुठल्याच अ‍ॅपवर नाही. महिन्याचे पैसेच भरायचे नसतील तर आकाशवाणी सोलापूर आहे, जाहिरातींसकट अधिकृत यूट्यूब चॅनेल आहेत, किंवा वडीलधाऱ्यांसाठी एकदाच पैसे देऊन ५००० गाणी भरलेला सारेगामाचा कारवां हा रेडिओसारखा प्लेअर. आणि गायक आपल्या गावात येतो तेव्हा हुतात्मा स्मृती मंदिरातलं तिकीट काढा. ते पैसे कुठल्या ढिगात जात नाहीत.

घ्यायचं ठरवलंत तर एकदम वर्षाचं घेऊ नका. आधी फुकट खात्यावर तुमची नेहमीची गाणी वेगवेगळ्या स्पेलिंगने शोधून बघा. मराठी किंवा कानडी जास्त ऐकत असाल तर दोन अ‍ॅपवर शोधा, कारण एकावर नसलेलं दुसऱ्यावर सापडतं. घरात तिघं-चौघं ऐकणारे असतील तर आणि अ‍ॅपवर फॅमिली प्लॅन असेल तर तो स्वस्त पडतो, फक्त बऱ्याच ठिकाणी सगळ्यांचा पत्ता एकच लागतो. यूपीआयवर ऑटोपे लावलंत तर पैसे कापण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो. तो वाचा, नको असेल तर तिथल्या तिथे यूपीआय अ‍ॅपमधूनच बंद करता येतं.