प्रथिनांचा लेप आणि एएफएम: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने, आठवड्यातले तीन दिवस मी एएफएमवर, म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शकावर बसते. यात कँटिलिव्हर नावाच्या लवचिक पट्टीच्या टोकाची बारीक सुई, म्हणजे टिप, पृष्ठभाग चाचपत जाते आणि पट्टीवरून परावर्तित होणारा लेसर तिची हालचाल टिपतो. काचेवर आणि अभ्रकावर चढवलेला फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं) आणि कोलॅजेन (ऊतींना आधार देणारं) या प्रथिनांचा थर खरंच बसलाय का, कसा पसरलाय आणि किती जाड आहे, हे बघायचं असतं.

आधी सॅम्पलबद्दल, कारण निम्मं यश तिथेच ठरतं. सुरुवात अभ्रकापासूनच करा. चिकटपट्टीने वरचा पापुद्रा सोलला की अणुपातळीवर सपाट, कोरा पृष्ठभाग हाती येतो आणि त्यावर काही नॅनोमीटरचं प्रथिनही उठून दिसतं. काचेचा स्वतःचा खडबडीतपणाच तेवढा असतो. म्हणून लेप न लावलेल्या काचेचा स्कॅन त्याच दिवशी, त्याच टिपेने घेतल्याशिवाय मी आता कुठल्याही चित्रावर विश्वास ठेवत नाही.

पहिल्या महिन्यात ज्यांना मी प्रथिनांचे पुंजके समजले, ते सुकलेल्या बफरमधलं (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातलं) मीठ निघालं. हवेत बघायचं असेल तर सुकवण्याआधी शुद्ध पाण्याने नीट धुवा. पण माझं ठाम मत असं की लेप द्रवातच बघावा. सुकलं की प्रथिन चपटं होतं, आकसतं. शिवाय पुण्याच्या जुलैत हवेतली आर्द्रता टिप आणि सॅम्पलच्या मध्ये पाण्याचा पूल बांधते. टिप चिकटते आणि फोर्स कर्व्हमधलं (टिपेवरच्या बलाच्या आलेखातलं) आसंजन, म्हणजे चिकटण्याचं बल, प्रथिनाचं की पाण्याचं, ते कळत नाही.

द्रवातलं काम मात्र संयम मागतं. लेसर पुन्हा जुळवावा लागतो, कँटिलिव्हरची कंपनवारंवारता हवेतल्यापेक्षा बरीच खाली येते, एखादा बुडबुडा अख्खी सकाळ खातो. मी बफर घालून अर्धा तास नुसती थांबते. तापमान स्थिरावलं की चित्र सरकणं कमी होतं. टॅपिंग मोड (टिप टकटक करत पुढे जाते) आणि मऊ कँटिलिव्हर, साधारण ०.१ न्यूटन प्रति मीटर कडकपणाचा, हे माझं नेहमीचं.

जाडीसाठी ओरखड्याची पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटली. कॉन्टॅक्ट मोडमध्ये (टिप सतत टेकलेली) बल वाढवून एक मायक्रोमीटरचा चौकोन खरवडायचा, मग टॅपिंगमध्ये पाच मायक्रोमीटरचा स्कॅन घेऊन पायरीची उंची मोजायची. तेवढ्याच बलाने कोऱ्या काचेवर ओरखडा उठत नाही ना, हे आधी तपासायचं. ही पायरी गाळलेले निकाल मी स्वतःच्या वहीतून बाद केले.

रुंदीचे आकडे जपून वापरा. डीएनए खरं तर दोन नॅनोमीटर जाडीचं, पण टिपेच्या गोलाईमुळे कित्येक पट रुंद दिसतं. चित्रातले सगळे कण एकाच आकाराचे, एकाच दिशेला शेपूट असलेले दिसले तर टिप खराब झाली समजा. प्रथिनं टिपेलाही चिकटतात, त्यामुळे टिपांचा खर्च अंदाजपत्रकात मोकळ्या हाताने धरा.

लेपाची फक्त सरासरी जाडी हवी असेल तर एलिप्सोमेट्रीने (परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून जाडी काढायच्या पद्धतीने) काम लवकर होतं, इथे वेळ घालवू नका. थरातली भोकं, ठिपके, तंतूंची दिशा बघायची असेल तर मात्र मला एएफएमला पर्याय दिसत नाही. विश्लेषणाला ग्विडिऑन हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

कोलॅजेनच्या तंतूवरचे ६७ नॅनोमीटरच्या अंतराचे पट्टे पहिल्यांदा ओळीओळीने पडद्यावर उमटले, तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. तो स्कॅन पुरा होईपर्यंत मी खुर्चीवरून हलले नाही.