विस्कॉन्सिन डेल्स : फेब्रुवारी ते सप्टेंबर, तीन वेळा जाऊन आल्यावरचा अनुभव

आम्ही शिकागोजवळ राहतो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि चार वर्षांचा मुलगा. यंदा सासू-सासरे गोंदियाहून आले होते, एप्रिलच्या शेवटी आले आणि ऑक्टोबरात परत गेले. या काळात ओळखीतल्या तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला की आईबाबा आलेत, मुलं लहान आहेत, तर विस्कॉन्सिन राज्यातल्या डेल्स या वॉटरपार्कच्या गावी जायचं का, का उगाच पैसे घालवायचे. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगत बसले, म्हणून आता सगळं एकदाच नीट लिहिते. आम्ही तीनदा गेलो. फेब्रुवारीत फक्त आम्ही चौघं, मे महिन्यात मेमोरियल डेला (मेअखेरची अमेरिकन सुट्टी) सगळे सहा जण, आणि सप्टेंबरमध्ये लेबर डे (सुरुवातीच्या सोमवारची सुट्टी) उलटून गेल्यावर परत सहा जण. तिन्ही वेळा गाव तेच, आणि तिन्ही वेळचा अनुभव इतका वेगळा की एकदाच गेले असते तर माझं मत पूर्ण चुकीचं झालं असतं.

आधी जागेबद्दल. आमच्याकडून गाडीनं साधारण तीन तास, आय-९० हा महामार्ग धरायचा, रॉकफर्डपर्यंत टोल, मग मॅडिसन ओलांडलं की पाऊण तासात डेल्सच्या पाट्या सुरू. एक्झिट ८७, ८९ आणि ९२, यातला कुठला घ्यायचा ते हॉटेल बघून ठरवा, कारण गाव लांबवर पसरलंय आणि सुट्टीत मुख्य रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं चालतात. हे लोक स्वतःला जगाची वॉटरपार्क राजधानी म्हणवतात आणि ते काही उगाच नाही. नोआज आर्क हा उघड्यावरचा मोठा पार्क १९७९ पासून आहे, आणि १९९४ मध्ये पॉलिनेशियन रिसॉर्टनं छताखाली वॉटरपार्क आणला, तेव्हापासून हे उन्हाळ्यातलं गाव बारमाही झालं. आता कलहारी, वाइल्डरनेस, ग्रेट वुल्फ लॉज असे मोठे रिसॉर्ट आहेत, बहुतेक ठिकाणी खोली घेतली की वॉटरपार्क त्यातच येतो, मनगटाला पट्टा बांधतात आणि तो शेवटपर्यंत काढायचा नाही.

फेब्रुवारीची ट्रिप मस्त झाली. बाहेर उणे तापमान, गुडघाभर बर्फ, मुलं दोन महिने घरात कोंडलेली, आणि आत शिरलं की काचेवर वाफ आणि जुलैसारखी ऊब. आठवड्याच्या मधल्या वारी गेलो होतो, लेकीची एक दिवस शाळा बुडवली, पण स्लाइडला रांगच नाही. ती एकाच स्लाइडवरून अकरा वेळा आली, मोजून सांगत होती. धाकट्याचं मात्र एक दुःख झालं. बऱ्याच मोठ्या स्लाइड्सना ४२ किंवा ४८ इंच उंची लागते, पोरगं चाळीस इंच, तिथल्या मोजपट्टीखाली टाचा उचलून उभं राहिलं आणि गार्डनं मान हलवली तेव्हा जे रडू फुटलं ते थांबेना. म्हणून जायच्या आधी घरी भिंतीला लावून मुलांची उंची मोजा आणि काय मिळेल काय नाही ते आधीच सांगून ठेवा. पुढच्या दोन्ही वेळा आम्ही तसंच केलं, एकदाही रडारड झाली नाही.

आता मे. इथं माझी चूक झाली. फेब्रुवारीत इतकी मजा आली म्हणून मी आईबाबांना, म्हणजे सासू-सासऱ्यांना घेऊन लाँग वीकेंडचं बुकिंग केलं, रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. साइटवर खोली १७० डॉलर दिसत होती, रिसॉर्ट फी आणि टॅक्स धरून एका रात्रीचे २४० च्या वर गेले. चार वाजता मिळणारी खोली सहा वाजून गेले तरी तयार नाही, बाबांना शुगर आहे, त्यांची जेवायची वेळ झालेली आणि ते लॉबीत बॅगांवर बसलेले. मी डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून तिथंच त्यांना खायला दिली. आत गेलो तर खुर्ची नाही. सकाळीच लोक टॉवेल टाकून खुर्च्या अडवून ठेवतात आणि दिवसभर फिरकत नाहीत. शेवटी नवऱ्यानं कुठूनतरी एक खुर्ची मिळवली आणि आई त्या कोपऱ्यात नऊवारी इतक्या काळजीनं पदर सावरून बसल्या, साधी सुती साडी होती पण ओली होऊ नये म्हणून पाय वर घेतलेले, चष्म्यावर सारखी वाफ धरायची, त्या पदरानं पुसायच्या, परत धरायची. वरून मोठी बादली उपडी होते तिचा आवाज, शिट्ट्या, हजार पोरांचा कल्ला. दोन तासांनी मला म्हणाल्या, "तुम्ही खेळा गं, मी खोलीत जाऊन पडते." तक्रारीचा एक शब्द नाही, पण मला फार वाईट वाटलं. त्यांना मी सात समुद्र ओलांडून आणून एका दमट हॉलमध्ये बसवलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी धाकट्याचे डोळे लाल झाले आणि लेक खोकायला लागली. आपल्याला वाटतं क्लोरिनचा उग्र वास आला म्हणजे पाणी स्वच्छ, पण ते उलट आहे. क्लोरिन घाम आणि लघवीत मिसळलं की क्लोरामाइन तयार होतं, तो वास त्याचा असतो, आणि बंद जागेत ते पाण्याच्या वरच्या हवेतच तरंगत राहतं, म्हणून डोळे चुरचुरतात आणि खोकला येतो. म्हणजे गर्दी जितकी जास्त तितका त्रास जास्त. फेब्रुवारीत हा वास जवळजवळ नव्हता. आता माझा नियम असा की दारातच नाकात वास भरला तर मुलांना दर तासाला बाहेर मोकळ्या हवेत न्यायचं, पाण्यात जायच्या आधी आणि नंतर अंघोळ घालायची, पोहण्याचा गॉगल सक्तीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉटरपार्क सोडला आणि आईबाबांना घेऊन अप्पर डेल्सच्या बोटीवर गेले, आणि तिथं सगळंच बदललं. मला स्वतःला तोपर्यंत माहीत नव्हतं की डेल्स हे नाव मुळात या नदीकाठच्या खडकांवरून आलंय, फ्रेंच शब्द आहे, दगडी फरशांसारखे थर असा अर्थ. हिमयुगाच्या शेवटी, साधारण १४ हजार वर्षांपूर्वी, बर्फानं अडवलेलं एक प्रचंड तळं फुटलं आणि त्या लोंढ्यानं विस्कॉन्सिन नदीला ही घळ कापून दिली. वाळूचे दगड, पिवळे-तांबूस, एकावर एक थर, वर पाइनची झाडं. बोट विचेस गल्च नावाच्या एका चिंचोळ्या घळीपाशी थांबते, आत लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंनी शेवाळलेला खडक, खाली झरा, हवा एकदम गार. आईंनी चालता चालता दगडाला तळवा लावला आणि तसाच लावून पुढं चालत राहिल्या, म्हणाल्या, "आपल्याकडे नागझिऱ्याला पहाटे असाच गारवा असतो."

पुढं स्टँड रॉक. तिथं एक खांबासारखा सुटा खडक आहे आणि कड्यापासून त्याच्यामध्ये पाचेक फुटांची फट. एच. एच. बेनेट म्हणून इथला फोटोग्राफर होता, त्यानं १८८६ मध्ये आपल्या मुलाला त्या फटीवरून उडी मारायला लावून तो हवेत असताना फोटो काढला, त्या काळात हलतं माणूस फोटोत स्पष्ट येणं म्हणजे मोठीच गोष्ट, त्यासाठी त्यानं स्वतः शटर बनवलं होतं. त्याच्या फोटोंमुळे लोक या गावात यायला लागले. आता ती उडी एक शिकवलेला कुत्रा मारतो. खाली सगळी बोटभर माणसं मान वर करून श्वास रोखून उभी, कुत्रा झपकन पलीकडे, लगेच परत अलीकडे. बाबांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या लेकीपेक्षा जोरात. चढउतार फार नाही, आईंचे गुडघे दुखतात तरी त्या हळूहळू सगळं चालल्या.

तेव्हा मला कळलं की डेल्सचा निर्णय कशावर घ्यायचा. सगळे विचारतात मुलांना आवडेल का. मुलांना आवडणारच, चार ते बारा वर्षांच्या कुठल्याही पोराला आवडेल. विचारायचं असं की आपल्यातलं जे माणूस पाण्यात उतरणार नाही त्याचा दिवस कसा जाणार. त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर जा, नसेल तर खोलीचे पैसे भरू नका.

सप्टेंबरची ट्रिप मी याच हिशोबानं आखली. लेबर डेनंतर उघड्यावरचे पार्क बंद होतात पण आतले चालू असतात, गर्दी ओसरते, भावही उतरतात. यावेळी स्वयंपाकघर असलेलं दोन खोल्यांचं युनिट घेतलं आणि हा सगळ्यात चांगला खर्च ठरला. सकाळी पोहे, रात्री मुगाची खिचडी, दुपारी बाहेरचं काहीतरी. शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत पण पिझ्झा, फ्राइज आणि तळलेले चीज कर्ड्स यावर दोन दिवस काढणं वयस्कर माणसांना जमत नाही. आणि एक लक्षात ठेवा, विस्कॉन्सिनमध्ये जागोजागी फ्रोझन कस्टर्ड मिळतं ते आइसक्रीमसारखंच दिसतं पण त्यात अंड्याचा बलक असतो, घरात कोणी अंडं खात नसेल तर आधीच सांगा.

मुलं आणि नवरा पाण्यात, आणि मी आईबाबांना घेऊन बाराबू या गावाला. डेल्सपासून जवळच आहे. तिथं इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन आहे, १९७३ ला सुरू झालेलं, आणि जगातल्या क्रौंच कुळातल्या पंधराही जाती तिथं बघायला मिळतात. बाबा गोंदियात शिक्षक होते. महाराष्ट्रात सारस म्हणजे गोंदियाच, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत जोडीनं फिरणारा, तिथली माणसं त्याला घरातला समजतात, आणि अलीकडे त्यांची संख्या इतकी घटलीय की बाबा दरवर्षी हळहळतात. तर इथं कुंपणापलीकडे तो उभा. माणसाएवढा उंच, राखाडी अंग, लालभडक मान. बाबा पाटी वाचायला वाकलेसुद्धा नाहीत, लांबूनच म्हणाले, "हा आपला आहे." मग वीसेक मिनिटं तिथंच बाकावर. मी पाणी आणून दिलं, तेही हातात धरून ठेवलं. परतताना गाडीत ते लेकीला बांधी म्हणजे काय, सारस घरटं कसं घालतो, हे सांगत होते आणि ती इंग्लिशमध्ये प्रश्न विचारत होती. आमच्या सहा महिन्यांतली ही सगळ्यात चांगली दुपार.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून डेव्हिल्स लेकला गेलो, तेही बाराबूपाशीच. तळ्याच्या दोन्ही अंगांनी जांभळट क्वार्टझाइट खडकाचे उंच कडे. शिकागो इलिनॉय राज्यात, त्यामुळे आमच्या परराज्यातल्या नंबरप्लेटला प्रवेशाचे पैसे जास्त पडतात, तरी वाईट वाटलं नाही. कड्यावरच्या पायवाटा दगडी पायऱ्यांच्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी नादी लागू नये, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर सतरंजी टाकून बसावं.

संध्याकाळी वॉटरपार्कमध्ये आई स्वतःहून आल्या. पाण्यात कॉटन चालत नाही म्हणून त्यांच्यासाठी आधीच नायलॉनची फुल लेगिंग आणि लांब बाह्यांचा टॉप घेऊन ठेवला होता, खूप बायका असंच घालतात, कोणी वळून बघत नाही. त्या लहान मुलांच्या वीतभर खोल पाण्यात पाय सोडून बसल्या आणि धाकटा त्यांच्या पायांवर पेला पेला पाणी ओतत राहिला. लाटांच्या पूलमध्ये मात्र आजीआजोबांच्या भरवशावर मुलांना सोडू नका, लाटा सुरू होण्याची घंटा वाजली की एकदम माणसं धावतात आणि लहान मूल दिसेनासं होतं. लाइफ जॅकेट तिथं फुकट मिळतं, ते घाला आणि तरीही हाताच्या अंतरावर राहा.

दोन रात्री पुरतात. तिसऱ्या दिवशी मुलं चिडचिडी होतात आणि ओल्या कपड्यांचा ढीग वाळत नाही, दोरी आणि चिमटे घरून न्या. नणंद जानेवारीत पुण्याहून येतेय, तिची मुलं सहा आणि दहा वर्षांची, घरात पाण्यात न उतरणारं कोणीच नाही, तिच्यासाठी मी मंगळवार-बुधवारच्या दोन रात्री बुक केल्यात, आतल्या वॉटरपार्कसह. आणि आईबाबा परत येतील तेव्हा मात्र सप्टेंबरच, बोट आणि सारसासकट.