१२४०० आणि बॉक्समधला फॅन: परभणीचा एक उन्हाळा काढल्यावर

पीसीत इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर आहे, म्हणजे मुख्य चिप. तिच्या स्पीडबद्दल तक्रार नाही, ते आधीच सांगतो. लग्नाचे व्हिडिओ, अल्बम, सगळं काम बिनबोभाट होतं. माझं म्हणणं फक्त चिपसोबत बॉक्समध्ये आलेला फॅन ज्यांनी बोर्डावर बसतो, त्या चार प्लास्टिकच्या खुंट्यांबद्दल आहे.

एप्रिलमध्ये एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणं) लावला की मशीन मंदावायचं. चिपचं तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडलं तर आकडा १०० अंश. या चिपची मर्यादाच तेवढी. तिथे पोचली की ती स्वतःच स्पीड पाडते. जिथून असेंबल करून घेतलं त्या दुकानात गेलो, तर उत्तर तयार: "भाऊ, जगात जर्मनी, भारतात परभणी! ऊन पण तसंच. टॉवर कूलर टाकून घ्या, दोन हजारात होईल." (टॉवर कूलर म्हणजे चिपवर बसणारा मोठा, उभा फॅन.) म्हणीला हसलो, दोन हजारांना नाही.

खोलीच ४० अंशांवर असेल तर फॅन चिपला त्याखाली नेणार नाही, मान्य. पण उन्हाने आकडा चढायचा तर काही मिनिटं जातात. माझा आकडा बटण दाबताच ५५ वरून ९८ वर उडायचा आणि थांबवलं की तितक्याच झटक्यात खाली. साइड पॅनेल काढून फॅनखालच्या ॲल्युमिनियमला बोट लावलं, तर नुसतं कोमट! चिप उकळतेय आणि तिच्या डोक्यावरचा धातू कोमट, म्हणजे उष्णता वर पोचतच नव्हती.

टॉर्च धरून मदरबोर्डाची मागची बाजू बघितली. तीन खुंट्यांचे पाय फाकून घट्ट बसलेले, चौथी नुसती भोकात टेकवलेली. आणि बिलात असेंबली चार्ज वेगळा लावलेला, बरं का.

बोर्ड बाहेर काढला, कारण आत असताना जोर लावला की तो वाकतो. चिप आणि फॅनच्या धातूमधली, उष्णता वर नेणारी जुनी पेस्ट एका कोपऱ्यात थर धरून बसली होती. ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. खुंट्या आधी बाणाच्या उलट फिरवून घ्यायच्या, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबायच्या. 'टक्' वाजलं पाहिजे. एकाच बाजूच्या दोन आधी दाबल्या की दुसरी बाजू उचलते.

तोच एक्स्पोर्ट, आकडा ८४. फॅनला मी पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले. मे महिन्यात पारा ४३ ला गेला तेव्हा मात्र दोन मार्क कापले; आकडा हळूहळू का होईना, ९३ ला टेकला. मग बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग. ६५ वॅटची म्हणून घेतलेली ही चिप टर्बोमध्ये, म्हणजे जास्तीच्या स्पीडला, ११७ वॅटपर्यंत जाते, आणि बरेच बोर्ड तिला तिथे हवा तेवढा वेळ राहू देतात. दोन्ही पॉवर लिमिट (चिपने किती वॅट खायचे याच्या मर्यादा) ६५ वर बांधल्या. एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो, आकडा सत्तरीत. (बायोसमधला तापमानाचा आकडा बघून घाबरू नका. तिथे चिप निवांत बसतच नाही, म्हणून तो विंडोजपेक्षा जास्त दिसतो.)

दुकानात असेंबली चार्ज परत मागितला तर "पुढच्या खरेदीत बघू" म्हणाले. टॉवर कूलरच्या वाचलेल्या पैशांतून खोलीच्या कूलरचं गवत बदललं. त्याचं तोंड मात्र पीसीकडे ठेवत नाही. ओलसर हवेने धूळ पात्यांना चिकटते, मग ब्लोअरने उडत नाही, ब्रशने घासत बसावं लागतं.