भाजलेल्या मातीचे तीन थरांचे खतपात्र: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

इंदिरानगरातील आमच्या सदनिकेच्या मागच्या बाल्कनीत भाजलेल्या मातीचे तीन थरांचे खतपात्र आले त्याला आता चौदा महिने झाले. उन्हाळा, पावसाळा आणि नाशिकची बोचरी थंडी असे तिन्ही ऋतू त्याने काढले असल्यामुळे त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल एवढा अनुभव गाठीशी आहे. विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच घडणीची पात्रे अनेक जण विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः या घडणीविषयी आणि ती वापरण्याच्या रीतीविषयी आहे.

एकावर एक बसणारी तीन मडकी आणि वर झाकण, एवढीच याची रचना असते. वरच्या दोन मडक्यांना तळ नसतो. त्याऐवजी काठाच्या भोकांतून ओवलेली सुतळीची जाळी असते. सर्वांत खालच्या मडक्याला मात्र भरीव तळ असतो. रोजचा ओला कचरा वरच्या मडक्यात टाकायचा, ते भरले की मधल्या मडक्याशी त्याची अदलाबदल करायची आणि तेही भरले की मधले अर्धवट कुजलेले खत खालच्या मडक्यात मुरायला सोडायचे. बाजूच्या भोकांतून हवा खेळते आणि माठातून जसे पाणी पाझरते तसा कचऱ्यातील जादा ओलावा भिंतींतून बाहेर पडून उडून जातो. प्लास्टिकच्या बादलीत हाच ओलावा तळाशी साचतो आणि त्याचा काळपट, उग्र वासाचा रस रोज तोटीने काढावा लागतो. आम्ही आधी अशी एक बादली वापरून पाहिली होती आणि तीन महिन्यांत सोडून दिली होती, म्हणून मातीच्या पात्रासाठी साडेतीन हजारांच्या आसपास खर्च करायला मी तयार झाले.

घरात याचे स्वागत झाले नाही. माझ्या सासूबाई निफाडकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांनी पात्राकडे एकदा पाहिले आणि विचारले, “अगं, उकिरडा गावाबाहेर असतो, तू तो घरात आणलास?” पहिल्या तीन आठवड्यांत तर त्यांचेच म्हणणे खरे ठरेल असे वाटत होते. वास येत होता, झाकण उचलताच चिलटांचा थवा उठत होता आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील “वास नाही, कटकट नाही” हे वाक्य मला रोज खटकत होते. चूक पात्राची नव्हती. माहितीपत्रकात कचऱ्यावर रोज मूठभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चमचाभर जिवाणूंची भुकटी टाका एवढेच लिहिलेले होते, पण आमच्या चौघांच्या घरातून रोज सुमारे पाऊण किलो ओला कचरा निघतो आणि तो जानेवारी-फेब्रुवारीचा, म्हणजे द्राक्षांच्या हंगामाचा काळ होता. द्राक्षांचे मणी आणि घोसाचे देठ रसाळ आणि गोड असतात; त्यांच्यावर मूठभर कोकोपीट अजिबात पुरत नाही.

उपाय सासूबाईंनीच सांगितला. उकिरड्यात शेणाबरोबर काडीकचरा का घालतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. भाजीची देठे, फळांची साले आणि चहाचा चोथा यांत ओलावा आणि नत्र (नायट्रोजन) जास्त असते. वाळलेल्या पाल्यात कर्ब (कार्बन) जास्त असतो. कचरा चांगला कुजण्यासाठी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३०:१ असावे लागते आणि ते नुसत्या ओल्या कचऱ्याने कधीच गाठता येत नाही. घरगुती हिशेबात सांगायचे तर जेवढा ओला कचरा, आकारमानाने तेवढाच किंवा थोडा जास्त वाळका पाचोळा टाकावा लागतो. त्याच काळात रस्त्यांवर वड, पिंपळ आणि रेन ट्रीची पानगळ सुरू असते आणि सकाळी तिचे ढीग जागोजागी पेटवले जातात. आमच्या सोसायटीचे रखवालदारदादाही तेच करीत असत. त्यांना विनंती करून आम्ही पाचोळ्याची चार पोती भरून जिन्याखाली ठेवली आणि ती जूनपर्यंत पुरली. मार्च उजाडेपर्यंत वास गेला आणि तेव्हापासून मी कोकोपीट विकत घेतलेले नाही. जिवाणूंच्या भुकटीचेही तेच: पाणी घातलेले आंबट ताक आणि थोडा गूळ आठवड्यातून एकदा शिंपडला की काम भागते. दर महिन्याला भुकटी घरपोच मिळण्याची जी योजना पात्राबरोबर गळ्यात मारली जाते ती नाकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मे महिन्यात उलट अडचण येते. नाशिकचा पारा चाळिशीकडे गेला की मातीच्या भिंती ओलावा भराभर ओढून घेतात, कचरा कुजण्याऐवजी वाळतो आणि एक दिवसाआड पाण्याचा हबका मारावा लागतो.

पावसाळ्यात मात्र घडणीतला खरा दोष उघडा पडला. ऑगस्टमध्ये एका सकाळी वरच्या मडक्याची सुतळी कुजून तुटली आणि आठवडाभराचा ताजा कचरा मधल्या, जवळजवळ तयार झालेल्या खतावर कोसळला. जे पात्र कुजवण्यासाठीच केलेले आहे त्याचा तळ कुजणाऱ्या दोरीचा असावा, हे मला पटलेले नाही. विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा दहा दिवसांनी उत्तर आले आणि नव्या जाळीची किंमत सांगण्यात आली. शेवटी काथ्याची दोरी आणून जाळी मीच विणली. नारळाचा काथ्या सहजासहजी कुजत नाही आणि ती जाळी अजून शाबूत आहे. घेतानाच दोरी कसली आहे हे विचारावे आणि सुतळी असेल तर ती पहिल्याच दिवशी बदलून टाकावी. त्याच महिन्यात पांढुरक्या, जाड अळ्याही झाल्या होत्या. त्या किळसवाण्या दिसतात, परंतु कचरा खाऊन टाकण्याचेच काम करतात. पाचोळा वाढवला की त्या कमी होतात, औषध मारण्याची गरज नसते.

पहिले खत जूनमध्ये निघाले होते. खालच्या मडक्यातून मी पसाभर उचलून वर्तमानपत्रावर पसरले तेव्हा ते चहाच्या भुकटीसारखे काळे आणि भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास होता. केळीची साले, कोथिंबिरीच्या काड्या, कांद्याची टरफले, देवाच्या हारातली शेवंती यांचा मागमूसही उरला नव्हता. पण त्या काळ्या ढिगात एक लहानसा गोल चमकत होता. तो सफरचंदावरचा कंपनीचा कागदासारखा दिसणारा प्लास्टिकचा शिक्का होता. सफरचंदाचे साल मातीत मिळून गेले होते आणि त्यावरचा शिक्का पाच महिन्यांनीही अक्षर अन् अक्षर वाचता येईल असा होता. त्या दिवसापासून आमच्याकडे फळे धुण्याआधी शिक्के काढले जातात, हारांतला दोरा ओढून घेतला जातो आणि चहाच्या कागदी पिशव्यांऐवजी सुटी पावडरच आणली जाते. सासूबाईंनी ते खत बोटांत चुरून पाहिले आणि म्हणाल्या, “शेणखतापेक्षा हलकं आहे, पण सकस आहे.” त्यांच्याकडून एवढे प्रमाणपत्र मला पुरेसे होते.

हिशेब सांगायचा तर एका महिन्यात रोज वजन करून पाहिले तेव्हा बावीस किलो ओला कचरा भरला, आणि वर्षभरात आम्ही साधारण चाळीस किलो खत काढले. बाकी सगळे पाणी आणि वायू होऊन उडून जाते. हा कचरा मिसळून एका ढिगात दाबला गेला असता तर हवेअभावी कुजून त्याचा मिथेन झाला असता, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले होते. आमच्याकडे ओला कचरा घरातच जिरू लागल्यापासून घंटागाडीत द्यायला फक्त सुका कचरा उरतो, तोही कोरडा आणि स्वच्छ, त्यामुळे रोज गाडीमागे धावावे लागत नाही. आठवड्यातून दोनदा दिला तरी चालतो. घरातल्या डब्याला वास येणेही थांबले आहे आणि डब्यात घालायच्या काळ्या प्लास्टिक पिशव्या आम्ही आणत नाही.

काही गोष्टी यात टाकू नयेत. आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. मासे-मटणाच्या हाडांनी मांजरे आणि उंदीर येतात. लिंबाची साले हळू कुजतात, म्हणून ती बारीक चिरून टाकावीत. एवढ्याशा मडक्यात मोठ्या ढिगासारखी उष्णता तयार होत नाही, त्यामुळे बिया मरत नाहीत. आमच्या तुळशीच्या कुंडीत गेल्या पावसाळ्यात टोमॅटोची सात रोपे उगवली आणि त्यांतली दोन मी वेगळी लावली.

चौघांच्या कुटुंबासाठी मोठ्या आकाराचेच पात्र घ्यावे. मध्यम आकाराचे महिनाभरात तिन्ही थरांनी भरते आणि खालचे खत तयार होण्याआधीच काढावे लागते. बाल्कनीत थेट पाऊस येत असेल तर वर पत्र्याचा आडोसा हवा. मडकी जड आहेत. भरलेले मडके एकट्याने उचलू नये, आणि गुडघेदुखी असणाऱ्या ज्येष्ठांनी तर अदलाबदल करण्याऐवजी कचरा खुरप्यानेच खाली ढकलावा. ज्यांना रोज दोन मिनिटे देणे शक्य नाही त्यांनी हे घेऊ नये. ज्यांना शक्य आहे त्यांनी पात्र घरी आणण्याआधी पाचोळ्याची दोन पोती भरून ठेवावीत. मी ती ठेवली नव्हती, म्हणून पहिले तीन आठवडे तसे गेले.